अंगणातली बालवाडी, अनुदानाची वही

ताराबाई मोडक 1945 साली बोर्डीला आल्या, तेव्हा त्यांच्या गाठीशी दोन दशकांचा अनुभव होता. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर केलेलं काम, 1926 मध्ये स्थापन झालेला नूतन बाल शिक्षण संघ, मॉन्टेसरी पद्धतीचा अभ्यास. तरी बोर्डीत त्यांना नव्याने शिकावं लागलं. बालवाडी गावात होती, पण दलित वस्तीतली मुलं तिथे येत नव्हती. मग ताराबाई आणि अनुताई वाघ बालवाडीच वस्तीच्या अंगणात घेऊन गेल्या. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. मॉन्टेसरीची साधनं महाग, म्हणून शिंपले, खडे, बिया, पानं यांतून नवी साधनं तयार झाली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी उभी राहिली आणि गुरं राखणाऱ्या वारली मुलांसाठी कुरणशाळा.

या कामाला दर्जाची कसोटी होती. मूल येतं का, रमतं का, आणि येत नसेल तर आपलं काय चुकतं? ही तपासणी करणारी माणसं रोज त्याच अंगणात बसत होती.

सरकारी पैसा आला तो वेगळ्या वाटेने. 1953 साली दुर्गाबाई देशमुखांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झालं आणि स्वयंसेवी संस्थांच्या बालवाड्यांना अनुदान मिळू लागलं. कोठारी आयोगानेही (1964-66) पूर्वप्राथमिक शिक्षण मुख्यतः खासगी प्रयत्नांवर सोडावं आणि शासनाने अनुदानाने हातभार लावावा, अशीच भूमिका घेतली. दूरच्या कार्यालयातून पैसा द्यायचा म्हटलं की हिशेब मागावा लागतो, आणि त्यात गैर काही नाही. पण वहीत पट, हजेरी, वजन, खाऊची किलो-ग्रॅम मापं लिहिता येतात. रडणाऱ्या मुलाला सेविकेने किती वेळ कडेवर घेतलं, याला रकाना नसतो.

2 ऑक्टोबर 1975 ला 33 प्रकल्पांतून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि ताराबाईंचा शब्द देशभर गेला. योजनेत पूर्वप्राथमिक शिक्षण होतं, पण पोषण आणि लसीकरण मोजायला सोपं, त्यामुळे अहवालांचा भर तिकडे राहिला. कुपोषण खरंच भीषण होतं, म्हणून या भराला कारणही होतं. ते चालवणाऱ्या बाईला मात्र 'मानसेवी' म्हटलं गेलं. तिला पगार नाही, मानधन.

पाळणाघरांची गोष्ट याहून बोलकी आहे. मीरा महादेवन यांनी 1969 मध्ये दिल्लीत राजघाटजवळच्या बांधकामावर मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघर सुरू केलं. त्यातून मोबाइल क्रेशेस ही संस्था उभी राहिली आणि तिचं काम पुढे मुंबई-पुण्यातही पोचलं. नोकरदार मातांच्या मुलांसाठी केंद्राची अनुदान योजना 1975 पासून होती. 2006 च्या राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजनेत 25 मुलांच्या एका पाळणाघराचा वर्षाचा खर्च 42,384 रुपये धरला होता, म्हणजे महिन्याला 3,532. त्यात दोन कार्यकर्त्यांचं मानधन, खाऊ, औषधं, सगळं आलं. एवढ्या पैशांत तपासनीसाने दर्जा शोधायचा. 2017 मध्ये योजना राज्यांकडे गेली, खर्चाची वाटणी केंद्र 60, राज्य 30 आणि संस्था 10 टक्के अशी ठरली, आणि त्यानंतर असंख्य पाळणाघरं बंद पडली. दर्जा घसरला म्हणून ती बंद झाली नाहीत; पैसे थांबले म्हणून झाली.

2018 मध्ये केंद्राने सेविकांचं मानधन 3,000 वरून 4,500 केलं आणि वर 500 रुपयांचा कामगिरी-भत्ता ठेवला. तो जोडला होता मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये नोंदी करण्याशी. चांगलं काम म्हणजे भरलेली नोंद, हे समीकरण आता रुपयांत आलं.

25 एप्रिल 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र असल्याचा निर्णय दिला. तरीही डिसेंबर 2023 मध्ये महाराष्ट्रातल्या सेविका संपावर गेल्या तेव्हा मागण्यांत मानधनवाढीबरोबर ग्रॅच्युइटी आणि पेन्शन होतीच. बालसंगोपनाचा दर्जा ठरवायचा तर सुरुवात इथूनच करायला हवी. मुलं सांभाळणारी बाई पुढच्या वर्षीही त्याच अंगणात असेल, एवढी हमी तिला कोणी दिली आहे का, हे आधी तपासावं.