ग्रॅप्टोलाइट व स्तरसहसंबंध

ग्रॅप्टोलाइट हे पुराजीव महाकल्पातील समुद्रांत वसाहती करून राहणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांचे जीवाश्म असून, दूरदूरच्या प्रदेशांतील थर एकाच काळातले आहेत की नाहीत हे ठरविण्यासाठी, म्हणजे स्तरसहसंबंधासाठी, ऑर्डोव्हिसियन व सिल्युरियन काळांपुरता त्यांच्याइतका भरवशाचा पुरावा क्वचितच मिळतो. ग्रीक भाषेतील ‘लिहिलेला’ व ‘दगड’ या अर्थांच्या शब्दांवरून आलेले हे नाव अत्यंत समर्पक आहे. काळ्या शेलचा, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेल्या व पापुद्र्यांनी सुटणाऱ्या खडकाचा तुकडा उजेडात तिरपा धरला, की त्यावर करवतीसारखे दाते असलेली रुपेरी रेघ चमकते, आणि तिचा प्रत्येक दाता ही एकेका प्राण्याची कोठडी असते.

यांतील बहुतेक महत्त्वाच्या जाती पाण्यात तरंगणाऱ्या असल्याने प्रवाहांबरोबर दूरवर पसरल्या आणि मेल्यावर ऑक्सिजन नसलेल्या तळाच्या गाळात न कुजता टिकल्या. शिवाय त्यांची उत्क्रांती झपाट्याने झाली. अनेक फांद्यांच्या वसाहतींमागून चिमट्यासारख्या दोन फांद्यांच्या, मग पाठीला पाठ लावलेल्या दोन रांगांच्या व सिल्युरियनमध्ये मोनोग्रॅप्टसासारख्या एकेरी रांगेच्या वसाहती प्रबळ झाल्या. विशिष्ट जातींवरून ओळखल्या जाणाऱ्या थरांच्या पट्ट्याला जैवविभाग म्हणतात. असे कित्येक विभाग दहा लाख वर्षांच्या आसपासचे आहेत, आणि चाळीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या खडकांसाठी ही अचूकता विलक्षणच म्हटली पाहिजे.

या पद्धतीचा पाया चार्ल्स लॅपवर्थ या शाळाशिक्षकाने दक्षिण स्कॉटलंडमध्ये घातला. मोफॅट परिसरातील काळ्या शेलचे पट्टे वालुकामय खडकांच्या प्रचंड जाडीत वेगवेगळ्या पातळ्यांवर आले आहेत, असा पूर्वी समज होता. डॉब्ज लिन या घळीतील थर बोटाबोटाने तपासून त्याने १८७८ मध्ये दाखवून दिले की, जीवाश्मांचा तोच क्रम, कधी सुलटा तर कधी उलटा, पुन्हापुन्हा येतो. म्हणजे थरांच्या घड्या (वली) व थर तुटून सरकणे (विभंग) यांमुळे एकच पातळ शेलसमूह वारंवार वर आला आहे. पुढे स्कॉटलंडमधीलच गिर्व्हन येथील त्याच काळाचे थर मोफॅटपेक्षा कित्येक पटींनी जाड असल्याचेही त्याने सिद्ध केले. थराची जाडी हे काळाचे माप नव्हे, हे यातून निर्विवाद ठरले. त्याच्या देखरेखीखाली गर्ट्रूड एलिस व एथेल वुड यांनी १९०१ ते १९१८ या काळात ब्रिटिश ग्रॅप्टोलाइटांचा सचित्र ग्रंथ सिद्ध केला.

सिल्युरियनच्या तळाची जागतिक सीमा १९८४ मध्ये डॉब्ज लिन येथेच मान्य झाली, तर त्यानंतरच्या डेव्होनियन काळाचा तळ १९७२ मध्ये मोनोग्रॅप्टस युनिफॉर्मिस या जातीच्या आधारे चेकोस्लोव्हाकियातील क्लोंक येथे निश्चित करण्यात आला. मात्र उथळ समुद्रातील चुनखडकांत ग्रॅप्टोलाइट विरळ असल्याने तेथे कोनोडोंट या दातांसारख्या सूक्ष्म जीवाश्मांवर विसंबावे लागते, आणि दोन्ही प्रकारचे जीवाश्म जेथे एकत्र सापडतात तेच छेद या दोन कालपट्ट्या एकमेकींशी जोडतात.