कोतवाल बुकापासून इतिहासाकडे

आम्ही दोघेही मराठीचे. इतिहास हा आमचा विषय नव्हे आणि त्याबद्दल अधिकारवाणीने बोलण्याचा आमचा दावाही नाही. परंतु यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या महाविद्यालयांत विषयांच्या भिंती फारशा उंच नसतात. बी. ए. इतिहासाच्या अभ्यासकार्याची आखणी करायची वेळ आली तेव्हा विभागातल्या सहकाऱ्यांनी आम्हांला बोलावले, ते आम्हांला थोडीबहुत मोडी येते आणि जुने मराठी कागद आम्ही वाचू शकतो एवढ्याच भरवशावर. त्या आखणीत जे सुचले, आणि जे चुकले, ते येथे मांडत आहोत.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसारची नवी रचना २०२४-२५ पासून आमच्यासारख्या संलग्न महाविद्यालयांत आली. मुख्य विषय, गौण विषय, कौशल्याचे विषय, क्षेत्रप्रकल्प, असे सगळे आता श्रेयांकांत मोजले जाते आणि पंधरा तासिकांचा एक श्रेयांक होतो. या गणितात एक तरतूद अशी आहे की जिच्याकडे प्रथम आमचे पुरेसे लक्ष गेले नव्हते. विद्यार्थी एका वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडू शकतो. कागदावर ही सोय आहे. आमच्याकडे ती वस्तुस्थिती फार आधीपासून आहे. कुणाचे लग्न ठरते, कुणाच्या वडिलांना शेतात हात कमी पडतो, कुणी पोलीस भरतीच्या तयारीला लागतो. पहिल्या वर्गात बसलेली सगळी मुले तिसऱ्या वर्षापर्यंत पोचत नाहीत.

तेव्हा आखणीतला खरा प्रश्न ‘कोणकोणते कालखंड शिकवावेत’ हा नव्हताच. जी मुलगी एका वर्षाने जाणार, तिच्या हाती इतिहासाचे काय असावे, हा होता. आपल्या जुन्या पद्धतीत आधी घटना शिकवतात आणि साधने कशी तपासावीत ते शेवटी, ‘संशोधनपद्धती’ नावाच्या पेपरात. म्हणजे लवकर जाणाऱ्याच्या वाट्याला सनावळी येते आणि टिकणाऱ्याच्या वाट्याला शंका. आमचे म्हणणे एवढेच आहे की हा क्रम उलटा असावा. शंका घेण्याचे शिक्षण पहिल्याच सत्रात मिळावे.

पूर्वीचे प्रकल्प काढून पाहिले तेव्हा ही गरज अधिकच पटली. रायगड, ताजमहाल, फ्रेंच राज्यक्रांती, दोन महायुद्धे. रंगीत मुखपृष्ठ, आत कुठून तरी उतरवलेली वीस पाने. एका प्रकल्पात तर ऋणनिर्देशातली दुसऱ्याच महाविद्यालयाच्या प्राचार्यांची नावे तशीच राहून गेली होती. मुलांना हसण्यात अर्थ नव्हता. ज्या विषयाचा एकही मूळ कागद त्यांच्या हाती येण्याची शक्यता नाही असा विषय आम्हीच त्यांना दिला होता.

मग मूळ कागद कुठे मिळेल? याचे उत्तर आम्हांला मुलांनीच दिले. आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या घरी जुन्या कागदांचा शोध एकदा तरी झालेला असतो. जात पडताळणीसाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त आणि भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचे पुरावे महत्त्वाचे ठरतात. त्यासाठी बाप किंवा काका तहसिलीत खेपा घालतो, कोतवाल बुकातली आजोबांची जन्मनोंद काढतो, शाळेतले दाखल-खारीज रजिस्टर उघडायला लावतो. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी जाणणाऱ्यांना राज्यभर एकाएकी मागणी आली. अभिलेखागार म्हणजे काय हे ज्यांना पुस्तकातून समजावून सांगावे लागेल असे आम्ही धरून चाललो होतो, त्यांच्या घरात त्याचा अनुभव आमच्यापेक्षा अधिक होता. फक्त त्या कागदाला त्यांनी एकच प्रश्न विचारलेला होता : यावर आमची जात लिहिली आहे का?

पहिल्या सत्राचे काम आम्ही येथून सुरू करायचे ठरवले. प्रत्येकाने घरचा किंवा गावचा एक जुना कागद आणायचा, आणि त्याला चार प्रश्न विचारायचे. हा कोणी लिहिला? कोणासाठी? कशासाठी? आणि यात कोणाचे नाव नाही? चौथ्या प्रश्नाशी वर्ग थांबतो. आमच्यासमोर आलेल्या कित्येक जन्मनोंदींत बापाचे नाव होते, जात होती, गाव होते. जिने जन्म दिला तिचे नाव नव्हते. हे मुलांनी आपापल्या घरच्या कागदावर पाहिले. स्त्रियांच्या इतिहासाची प्रस्तावना याहून चांगली आम्हांला करता आली नसती. (कागद घरचे असल्याने ते वर्गात दाखवायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवायचे, हा नियम पहिल्या दिवशीच सांगावा लागतो.)

त्यापुढची पायरी म्हणजे कागद कुठे शोधायचा हे कळणे. आमचा जिल्हा यासाठी उत्तम उदाहरण आहे. निजामाने १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. १९०२च्या कराराने ते कायमच्या पट्ट्याने त्यांच्याकडे गेले आणि १९०३ पासून त्याचा कारभार मध्य प्रांताबरोबर चालू लागला. सार्वभौमत्व नावाला निजामाचे, सत्ता इंग्रजांची. ‘ब्रिटिश मुलूख’ आणि ‘संस्थाने’ असे दोन रकाने आखणाऱ्या पाठ्यपुस्तकात अशा प्रदेशाला धड जागाच नाही. जिल्ह्याचे नावही आरंभी यवतमाळ नव्हते. तो वणीचा जिल्हा होता आणि १९०५ साली त्याला आजचे नाव मिळाले. पुसद त्यापूर्वी वाशीम जिल्ह्यात होते. म्हणजे पुसदचा एकोणिसाव्या शतकातला कागद हवा असेल तर तो वाशीमच्या नावाखाली शोधला पाहिजे. सीमा बदलतात आणि कागद मागे राहतात, हे नकाशावर न सांगता शोधाच्या खटाटोपातून कळले की विसरत नाही.

दुसऱ्या वर्षासाठी आम्ही पुसदचाच विषय निवडला. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळच्या राखीव जंगलात गवत कापून कायदा मोडला. वऱ्हाडात समुद्र नाही, तेव्हा मिठाऐवजी गवत. त्याच वर्षी बैतूलकडे आदिवासींनी जंगलचा कायदा मोडला, आणि २५ सप्टेंबरला रायगड जिल्ह्यात चिरनेरला गोळीबार झाला. पाठ्यपुस्तकात हे एका ओळीत येते आणि स्पर्धा परीक्षेत एका गुणाला. परंतु चार प्रश्न हाताशी असतील तर ती ओळ उघडते. नेत्यासाठी गवत हे प्रतीक होते. ज्याची गुरे त्या रानात चरत होती त्या कोलामासाठी, गोंडासाठी, बंजाऱ्यासाठी ते गवतच होते. राखीव जंगलाची सीमा आखली तेव्हा कोणाला विचारले होते? २००६च्या वनहक्क कायद्याखाली गावाने दावा केला असेल, तर त्याला जोडलेले कागद कोणते? या कामात एक धोका आहे, तो गौरवाचा. गावचा इतिहास म्हटला की मुले आरती लिहून आणतात. म्हणून अण्यांवर लिहिणाऱ्याने हेही लिहायचे की १९४१ साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले आणि फेब्रुवारी १९४३ मध्ये, गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी, त्यांनी राजीनामा दिला. दोन्ही गोष्टी एकाच पानावर आल्या पाहिजेत.

तिसऱ्या वर्षी कापूस. येथे जिल्हा जगाला जोडला जातो. अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५च्या यादवी युद्धात लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा त्यांची नजर वऱ्हाडकडे वळली. रेल्वेचे फाटे कापसाच्या बाजारांपर्यंत आले. पुढे मूर्तिजापूर–यवतमाळ ही नॅरोगेज, आमची शकुंतला, त्याच कापसासाठी धावू लागली. आता ती बंद आहे. लक्ष्मण सत्या यांचे वऱ्हाडातील कापूस आणि दुष्काळ यांवरचे पुस्तक १९९७चे. स्वेन बेकर्ट यांच्या २०१४च्या कापसाच्या जागतिक इतिहासातही वऱ्हाड आहे. ज्या प्रदेशातून गाठी विलायतेला जात होत्या तेथेच १८९६-९७ आणि १८९९-१९०० या वर्षांत माणसे अन्नावाचून का मेली, हा प्रश्न घेऊन विद्यार्थ्याने १९७१च्या कायद्याने आलेल्या एकाधिकार खरेदीपर्यंत, २००२ साली परवानगी मिळालेल्या बीटी कपाशीपर्यंत आणि २००६ साली विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी जाहीर झालेल्या ३,७५० कोटींच्या पॅकेजपर्यंत यायचे. शेवटचा कागद त्याच्या घरीच असतो : कापूस विकल्याची पावती.

आता चुकले ते. पहिल्याच वर्षी उत्साहाच्या भरात आम्ही रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६च्या ग्रंथातला बंजाऱ्यांवरचा भाग अनुवाद करून वर्गात वाचायला दिला. मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचा हा चार खंडांचा ग्रंथ आजही संदर्भासाठी उघडावा लागतो. त्यात बैलांच्या तांड्यांवरून चालणाऱ्या व्यापाराची मोलाची माहिती आहे. आणि जातीच्या ‘गुन्हेगारी प्रवृत्ती’वर स्वतंत्र परिच्छेदही आहे. वर्गात एका तांड्यावरून येणारी मुलगी होती. वाचनाची पाळी तिच्यावर आली. त्या परिच्छेदापाशी ती थांबली आणि तिने विचारले, “सर, हे खरं आहे का?” सगळा वर्ग तिच्याकडे पाहत होता. आम्ही म्हणालो, ते त्या काळचे मत आहे. उत्तर चूक नव्हते, पण ते उत्तर नव्हते. पुढच्या सत्रात तिने इतिहास सोडून दुसरा विषय घेतला. कारण आम्ही विचारले नाही, तिनेही सांगितले नाही.

ज्यांच्या पूर्वजांनी कागद लिहिले आणि ज्यांच्या पूर्वजांविषयी ते लिहिले गेले, ते दोघे आमच्या वर्गात एकाच बाकावर बसतात. जुने साधन दोघांना सारखेच देणे म्हणजे समान वागणूक नव्हे, हे आम्हांला फार उशिरा उमगले. आता आखणीत एक नियम आहे. कोणत्याही समाजाचे वर्णन करणारा सरकारी कागद एकटा वाचायचा नाही. त्याआधी पीकपाण्याच्या साध्या अहवालावर चार प्रश्नांचा सराव झालेला हवा. त्याच्या शेजारी १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा आणि ३१ ऑगस्ट १९५२ची मुक्ती हवी. बंजाऱ्यांचा व्यापार रेल्वेने गिळला ही गोष्ट हवी. आणि त्या ग्रंथानंतर अर्धशतकाच्या आत, १९६३ साली, पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक राज्याचे मुख्यमंत्री झाले हेही. आम्ही मराठीचे असल्याने ‘उपरा’ (१९८०) आणि ‘उचल्या’ (१९८७) ही आत्मकथने जोडली. ती बंजाऱ्यांची नाहीत. परंतु ज्याच्यावर शिक्का मारला गेला तो स्वतः बोलू लागला की शिक्क्याचा कागद कसा वेगळा दिसतो, ते त्यांतून कळते. तांड्यावरची गाणी आणि लमाणी बोलीतल्या आठवणी गोळा करणे, हे विद्यार्थ्यांचे काम.

एक आक्षेप सहकाऱ्यांकडून येतो, पालकांकडूनही : मुलांना नोकरीची परीक्षा द्यायची आहे, हे लाड कशाला? आक्षेप खोटा नाही. आमचे उत्तर असे की उद्या जो पोलीस होईल त्याला पंचनामा वाचायचा आहे, जी तलाठी होईल तिला फेरफार करायचा आहे, आणि जो शेतावर राहील त्याला बँकेच्या कागदावर सही करायची आहे. कोणी लिहिला, कोणासाठी, कशासाठी, आणि कोणाचे नाव नाही, हे तेथेही विचारावे लागते.

जुने कागद जपण्याची परंपरा या जिल्ह्याला नवी नाही. यवतमाळच्या शारदाश्रमात डॉ. य. खु. देशपांडे यांनी महानुभावांच्या पोथ्या जमवल्या, आणि यादव माधव काळे यांचा ‘वऱ्हाडचा इतिहास’ १९२४चा आहे. त्यांच्यासारखे संशोधक आमच्या वर्गातून किती निघतील हे सांगता येणार नाही. या जूनमध्ये पहिल्या सत्राचा पहिला तास पुन्हा होईल. फळ्यावर चार प्रश्न लिहू. तांड्यावरून येणारी एखादी मुलगी याही वर्षी वर्गात असेल, आणि तिने ‘हे खरं आहे का’ असे विचारले तर या वेळी तो प्रश्न फळ्यावर पाचवा लिहून त्याचे उत्तर सगळ्या वर्गाने शोधायचे, असे आम्ही ठरवले आहे.