कपाटातलं चुंबक: शाळांच्या खरेदी-नियमांचा एक छोटा इतिहास

मी एमएस्सी फिजिक्स केलं आणि मग विज्ञान शिक्षणाच्या इतिहासाकडे वळले. फील्डवर्कच्या पहिल्याच महिन्यात एका जिल्हा परिषद शाळेत बसले होते. वर्ग चौथीचा, विषय चुंबक. सर फळ्यावर चुंबकाचं चित्र काढून शिकवत होते. तास संपल्यावर मी विचारलं, "सर, शाळेत चुंबक नाही का?"

"आहे ना मॅडम. कपाटात आहे."

कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात विज्ञान साहित्याची जुनी पेटी होती. भिंग, तराजू, चुंबक, परीक्षानळ्या. नळ्यांवरचा कागदसुद्धा कुणी काढलेला नव्हता. सर म्हणाले, "मी चार्ज घेतला तेव्हा पेटी पूर्ण होती. देताना पूर्णच द्यायला पाहिजे. एक नळी फुटली तर भरून कोण देणार?" मी चुंबक हातात घेतलं. इतकी वर्षं तसंच पडून राहिल्यामुळे त्याला टाचणीसुद्धा धड चिकटेना.

त्या दिवशी डायरीत मी लिहिलं: "इथे कुणीही चोरी केलेली नाही." पेटीची खरेदी नियमाने झाली असणार, शाळेपर्यंत पोचली हे तर समोर दिसत होतं, आणि जडवस्तू संग्रह नोंदवहीत तिची नोंदही होती. नोंदवहीच्या बाजूने सगळं चोख. फक्त मुलांनी चुंबक पाहिलेलं नव्हतं. हे कसं झालं, या प्रश्नामागे मी दोन वर्षं फिरतेय. आजचा लेख त्याबद्दल. शेवटी, अशा विषयावर काम करायचं असेल तर सुरुवात कुठून करायची, तेही सांगते.

खरेदीचा नियम म्हणजे नेमकं काय?

सरकारी खरेदी म्हटलं की आपल्याला निविदा आणि घोटाळा एवढंच आठवतं. पण इतिहासाच्या नजरेने बघितलं तर प्रत्येक खरेदी-नियम चार प्रश्नांची उत्तरं देत असतो. वस्तू कोण निवडणार? पैसे कोणाच्या सहीने जाणार? आलेली वस्तू कोण मोजून घेणार? आणि हरवली, फुटली तर जबाबदार कोण?

केंद्र सरकारचे सामान्य वित्तीय नियम हे याचं चांगलं उदाहरण. १९४७, १९६३, २००५ आणि २०१७ अशा त्यांच्या आवृत्त्या निघाल्या. २०१७ च्या मूळ नियमांत २५,००० रुपयांपर्यंतची खरेदी दरपत्रकाशिवाय करता येत होती. २५,००० ते अडीच लाखांपर्यंत स्थानिक खरेदी समिती बाजारात चौकशी करून शिफारस करणार. त्यापुढे २५ लाखांपर्यंत मर्यादित निविदा आणि त्याहून मोठ्या खरेदीला जाहीर निविदा. रक्कम वाढली की एका माणसावरचा विश्वास कमी होतो आणि कागद वाढतो, हे तत्त्व. पीएचडीला असाल तर प्रयोगशाळेच्या खरेदीत तीन दरपत्रकं आणि तुलनात्मक तक्ता तुम्हीही केला असेल. तो याच विचारातून आलेला आहे.

यात वाईट काही नाही. सार्वजनिक पैसा आहे, हिशोब हवाच. पण चौथ्या प्रश्नाचं उत्तर "ज्याच्या ताब्यात वस्तू, तो जबाबदार" असं दिलं की शिक्षक काय करणार? कुलूप लावणार. सरांनी तेच केलं होतं.

१९६२ ते १९८७: जिल्हा परिषदा, बालभारती आणि खडू-फळा

थोडं मागे जाऊ. महाराष्ट्र जिल्हा परिषद आणि पंचायत समिती अधिनियम १९६१ चा, जिल्हा परिषदा सुरू झाल्या १ मे १९६२ ला. ग्रामीण प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. म्हणजे शाळेचं बाक, फळा, घंटा या गोष्टींचा निर्णय जिल्ह्याच्या पातळीवर आला.

पाठ्यपुस्तकांची वाट मात्र उलटी गेली. २७ जानेवारी १९६७ ला पुण्यात पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ, म्हणजे आपली बालभारती, स्थापन झाली. कागद, छपाई, वाटप सगळं राज्याच्या पातळीवर. आणि हे मॉडेल टिकलं. का टिकलं, याचं कारण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. चौथीचं मराठी माध्यमाचं पुस्तक गडचिरोलीत आणि सिंधुदुर्गात एकच असतं. पुस्तकाला माप नसतं.

मग आली खडू-फळा मोहीम, म्हणजे ऑपरेशन ब्लॅकबोर्ड. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून ती निघाली आणि १९८७-८८ पासून राबवली गेली. प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या, किमान दोन शिक्षक (त्यातली शक्यतो एक शिक्षिका) आणि आवश्यक साहित्य मिळावं हा उद्देश. साहित्याची यादी वाचून मला खरंच भरून आलं होतं. नकाशे, पृथ्वीगोल, तक्ते, खेळणी, गोष्टींची पुस्तकं, ढोलक, विज्ञान पेटी, गणित पेटी, छोटी अवजारं, शाळेची घंटा. कुणीतरी मनापासून विचार केला होता की एका खेड्यातल्या वर्गात काय काय असायला हवं. एनसीईआरटीने वस्तूंची मानकं ठरवून दिली.

अडचण यादीत नव्हती, यादी शाळेपर्यंत ज्या वाटेने गेली त्या वाटेत होती. खरेदी वर झाली, पेट्या खाली आल्या. ज्या शिक्षकाने त्या वापरायच्या, त्याला कुणी विचारलं नव्हतं आणि अनेकांना वापरायचं प्रशिक्षणही नव्हतं. वर नोंदवहीचा धाक. १९९२ च्या सुधारित कृती कार्यक्रमात काय बदल केले ते बघा: स्थानिक गरजेनुसार साहित्य घ्यायची मुभा, साहित्य वापरण्याचं प्रशिक्षण आणि फुटतुटीची तरतूद राज्यांनी करावी ही अपेक्षा. नियम बदलतो तेव्हा तो आधी काय चुकलं याची कबुली देत असतो. संशोधकाने ती कबुली वाचायला शिकायचं.

२००१ नंतर: शाळेच्या हातात पैसा

सर्व शिक्षा अभियानाने लंबक दुसऱ्या टोकाला नेला. शाळेला वर्षाला ठरावीक शाळा अनुदान, शिक्षकाला साहित्यासाठी ५०० रुपये. ५०० रुपयांत काय येतं, असं आज वाटेल. पण त्या ५०० रुपयांना निविदा नव्हती. शिक्षक बाजारात जाऊन चुंबक, फुगे, कार्डशीट आणू शकत होता, आणि चुंबक तुटलं तर कुणाची चौकशी लागत नव्हती.

बांधकामातला बदल त्याहून मोठा. अभियानाच्या आराखड्यात स्पष्ट म्हटलं होतं की शाळेची बांधकामं लोकसहभागातूनच होतील, कंत्राटदार नेमता येणार नाही. गावची समितीच सिमेंट आणणार, गवंडी लावणार, हिशोब ठेवणार. पुढे शिक्षण हक्क कायदा (२००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू) आला आणि शाळा व्यवस्थापन समितीला कायद्याचा आधार मिळाला. समितीत तीन चतुर्थांश पालक आणि एकूण निम्म्या स्त्रिया.

हे ऐकायला छान आहे, पण एकतर्फी लिहायचं नाही म्हणून सांगते. मुख्याध्यापकांशी बोलताना दुसरी बाजूही ऐकली. "वर्ग सोडून सिमेंटच्या पावत्या जुळवत बसलो होतो." "समितीच्या सह्या घ्यायला बांधावर जावं लागायचं." "अमक्याच दुकानातून घ्या असा दबाव असायचा." विकेंद्रीकरण म्हणजे आपोआप प्रामाणिकपणा नाही. फक्त चूक झाली तर ती गावात दिसते, आणि बोलायला माणूस समोर असतो.

दरम्यान राज्याच्या पातळीवर वेगळी हालचाल सुरू होती. राज्याच्या खरेदीसाठी २ जानेवारी १९९२ चं धोरण बरीच वर्षं आधार होतं. त्यातली दरकरार पद्धत साधी: एकदा दर ठरला की विभागांनी त्या दराने माल उचलायचा, दर वेळी नवी निविदा नको. वेळ वाचतो, पण एकदा ठरलेल्या दराची आणि पुरवठादाराची फेरतपासणी सैल पडते. २०१५ मध्ये दरकरारावरच्या मोठ्या खरेद्यांवरून विधिमंडळात बराच वाद झाला, आरोप झाले, ते नाकारलेही गेले. १ डिसेंबर २०१६ ला उद्योग विभागाने खरेदीच्या कार्यपद्धतीची नवी नियमपुस्तिका काढली. त्याच वर्षी केंद्राचं जेम पोर्टलही सुरू झालं होतं.

गणवेशाची गोष्ट

हे सगळं एका वस्तूत बघायचं असेल तर गणवेश घ्या. समग्र शिक्षा योजनेत दोन गणवेशांसाठी मुलामागे ६०० रुपये आहेत. त्याआधी ४०० होते. रक्कम छोटी, पण ती कोणी खर्च करायची यावर महाराष्ट्राने गेल्या काही वर्षांत तीन वेगवेगळी उत्तरं दिली.

आधी शाळा व्यवस्थापन समिती खरेदी करायची. मग २०१७ च्या सुमारास ठरलं की पैसे थेट विद्यार्थी आणि आईच्या संयुक्त खात्यात जावेत. मधला माणूसच काढून टाका, हा विचार. पण अनेक घरांना आधी खातं उघडावं लागलं, आणि आधी पदरचे पैसे घालून गणवेश घ्यावा लागला. नंतर खरेदी पुन्हा समितीकडे आली.

२०२३ मध्ये राज्याने गणवेशाची योजना उरलेल्या मुलग्यांनाही लागू केली आणि "एक राज्य, एक गणवेश" असं धोरण घेतलं. २०२४-२५ साठी कापड राज्य पातळीवर निविदेने घ्यायचं, आणि शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांच्या बायकांकडून करून घ्यायची. मोठ्या खरेदीत कापड स्वस्त आणि एकसारखं, वर बायकांना काम. कागदावर दोष काढायला जागा नाही. प्रत्यक्षात १५ ऑगस्टच्या झेंडावंदनालाही अनेक शाळांत गणवेश पोचले नव्हते, मापं चुकल्याच्या तक्रारी होत्या. २० डिसेंबर २०२४ च्या निर्णयाने खरेदीचे अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे दिले गेले.

आता बालभारती आठवा. पुस्तकाला माप नसतं, मुलाला असतं. आणि जूनमध्ये घेतलेलं माप ऑक्टोबरमध्ये तेच राहत नाही. गावातला शिंपी हे दोन बोटं जास्त शिवण सोडून सांभाळतो. निविदेच्या अटींत ती दोन बोटं लिहिता येत नाहीत.

मग काय म्हणायचंय?

माझा आत्तापर्यंतचा निष्कर्ष असा. केंद्रीय की स्थानिक, हा वाद आपण नैतिकतेचा करतो. वरचे चोर की खालचे चोर, एवढाच. खरा प्रश्न वस्तूचा आहे. सगळीकडे सारखी असणारी, लवकर खराब न होणारी वस्तू वरून घेतली तर फायदा आहे. जिला माप आहे, जी फुटते, संपते किंवा जी निवडणं हाच शिकवण्याचा भाग आहे, ती शाळेनेच घ्यायला हवी. चुंबक दुसऱ्या गटातलं. २०१८ पासून शाळांना पटानुसार संयुक्त शाळा अनुदान मिळतं. १०० पेक्षा मोठ्या आणि २५० पर्यंत पटाच्या शाळेला वर्षाला ५०,००० रुपये. पण त्यातून वीज, दुरुस्ती, स्वच्छता सगळं करायचं असतं. चुंबकाचा नंबर कधी लागणार?

दुसरं म्हणजे, वस्तू आली, मोजली, नोंदवली, की नियमाच्या दृष्टीने गोष्ट संपते. नोंदवहीत "वापरली का?" असा रकाना नाही. निर्लेखनाची सोय आहे, पण दहा रुपयांच्या नळीसाठी कागद फिरवण्यापेक्षा कुलूप सोपं.

तुम्हाला काम करायचं असेल तर

शासन निर्णय मुख्य मजकुरापासून वाचू नका. आधी वरची संदर्भांची यादी बघा. तिथून मागे मागे गेलात तर वीस-तीस वर्षांची साखळी हाताला लागते. मग प्रस्तावना नीट वाचा, कारण आधी काय बिघडलं ते तिथे दोन ओळींत असतं. कुठला निर्णय अधिक्रमित झाला, ते वेगळ्या तक्त्यात लिहीत चला. त्यानंतर महालेखापरीक्षकांचे अहवाल घ्या. आणि हे सगळं झाल्यावर एखाद्या शाळेत जाऊन जडवस्तू नोंदवही बघा, परवानगी घेऊन, नावं न टिपता. नोंदवही आणि कपाट शेजारी ठेवून वाचायचं. माझा प्रबंध त्या दोघांमधल्या फरकावर उभा आहे.

आणि हो, पुढच्या वेळी त्या शाळेत गेले तेव्हा स्वतःच्या पैशांनी स्पीकरमधली जुनी चुंबकं घेऊन गेले होते. सरांनी ती घेतली, पण आधी विचारलं, "मॅडम, हे नोंदवायचं नाही ना?" मी म्हटलं, नाही. मग त्यांनी ती मुलांच्या हातात दिली.