पन्हळीवरची जाळी : खर्च सार्थ की अनाठायी?

उतरत्या छपराच्या घराला पन्हळ हवी, याविषयी दुमत नाही. छपरावरचे पाणी वळचणीशी झेलून उभ्या पाइपातून खाली सोडणे, हे तिचे काम. ती नसेल किंवा तुंबली असेल, तर पागोळ्या जोत्याशी कोसळतात, भिंतींना ओल धरते आणि रंगाचे पोपडे सुटू लागतात. मतभेद सुरू होतात ते पन्हळीवर बसवायच्या जाळीविषयी. पालापाचोळा बाहेर ठेवून पाणी तेवढे आत घेणारे हे आच्छादन सफाईच्या कटकटीतून कायमची सुटका करते, असा विक्रेत्यांचा दावा असतो. बंगला, रो-हाउस, गावाकडचे घर किंवा सोसायटीच्या गच्चीवरील पत्र्याची शेड, कोठेही हा दावा जसाच्या तसा स्वीकारण्याजोगा नाही. जाळीने सफाई कमी होते, संपत नाही. म्हणूनच ती परवडेल की नाही, हे जाळीपेक्षा घराच्या स्थितीवर अधिक ठरते.

पानगळ आधी, पाऊस नंतर

अमेरिका आणि युरोपातील थंड प्रदेशांत शरद ऋतूत पाने गळतात आणि त्याच सुमारास पाऊस, पाठोपाठ बर्फ सुरू होतो. सफाईला उसंत मिळत नाही, त्यामुळे तेथे अशा जाळ्यांना मोठी मागणी आहे. महाराष्ट्रातील ऋतुचक्र वेगळे आहे. येथील बहुतेक पानझडी वृक्षांची पाने हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंत गळतात आणि पाऊस जूनमध्ये येतो. कोकणात कौलारू छपरांची शाकारणी पावसाच्या तोंडावर उरकली जाते, त्याच वेळी पन्हळही साफ करता येते. घरावर झाड झुकलेले नसेल किंवा असलेले झाड पानझडी असेल, तर मेअखेरची एक सफाई आणि पावसाळ्याच्या मध्यावर एक नजर बहुधा पुरेशी ठरते. अशा घरी जाळीचा खर्च अनाठायी होय.

मात्र आंबा, फणस यांसारखी सदाहरित झाडे ऐन पावसातही वाऱ्यासरशी पाने आणि काटक्या टाकतात. सुरूच्या सुया आणि गुलमोहराच्या पाकळ्या पन्हळीत साचून त्यांचा लगदा होतो. कावळ्यांची घरटीही याच सुमारास बांधली जात असल्याने काटक्या व तारांचे तुकडे पाइपाच्या तोंडाशी अडकतात. सफाईनंतर महिन्याभरातच पन्हळ पुन्हा भरत असेल, तेथे जाळीचा विचार योग्य ठरतो.

पाण्याचा हिशेब

एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी जमते. 1,000 चौरस फुटांचे, म्हणजे सुमारे 93 चौरस मीटरचे छप्पर असेल आणि तासाला 100 मिलिमीटर वेगाने पाऊस कोसळत असेल, तर मिनिटाला दीडशे लिटरहून अधिक पाणी पन्हळीकडे धावते. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. एवढ्या पावसात याच छपरावरून सुमारे 88 हजार लिटर पाणी वाहते. येथील पन्हळीवरची जाळी पाने अडवण्यात कितीही तरबेज असली, तरी मुसळधार सरीत पाणी आत घेण्यास अपुरी पडली तर पाणी तिच्यावरून उसळून बाहेर पडते. अधिक उताराच्या छपरावर आणि दोन उतार जेथे मिळतात त्या खोलगट जागेखाली हा धोका सर्वाधिक असतो.

प्रकार आणि त्यांच्या मर्यादा

मोठ्या छिद्रांची जाळी किंवा छिद्रे पाडलेली पट्टी पाणी सहज आत घेते, पण चिंच-गुलमोहराची बारीक पाने तिच्यातून खाली उतरतात. अतिशय बारीक विणीची पोलादी जाळी ही पानेही अडवते. परंतु धूळ, कौलांचा चुरा आणि शेवाळ यांनी तिची छिद्रे बुजतात व ती ब्रशने घासावी लागते. पन्हळीत भरायच्या स्पंजासारख्या पट्ट्या स्वस्त असतात, मात्र त्यांत माती साठून रोपे उगवतात. पक्ष्यांच्या विष्ठेतून आलेले पिंपळाचे बी अशा ओल्या गाळात रुजले, तर मुळे भिंतीच्या सांध्यांत शिरतात. प्लास्टिकची जाळी उन्हाने कडक होऊन तुटते, तर समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत साध्या लोखंडी जाळीला लवकर गंज चढतो. माकडांचा वावर असलेल्या गावी जाळी केवळ अडकवून चालत नाही, ती स्क्रूने घट्ट बसवावी लागते.

झाकलेले पाणी

डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस डास साचलेल्या पाण्याच्या कडेला अंडी घालतो. अनुकूल हवामानात अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात आणि ही अंडी कोरडी पडली तरी अनेक महिने टिकतात. पन्हळीत पाणी साचते ते उतार चुकल्याने किंवा गाळाने. दोन्हींवर जाळी हा उपाय नाही. उलट मोठ्या छिद्रांच्या जाळीतून डास आत जातो आणि खालचे पाणी मात्र घरच्यांच्या नजरेआड होते. म्हणून जाळी घेण्यापूर्वी साफ पन्हळीत बादलीभर पाणी ओतून पाहावे. तासाभरानेही डबके उरले, तर पैसे प्रथम उतार दुरुस्तीवर खर्च करावेत. दर 10 फुटांमागे किमान पाव इंच उतार पाइपाच्या दिशेने असावा.

उंचीचा धोका

जाळीच्या बाजूने सर्वांत सबळ मुद्दा सुरक्षिततेचा आहे. एकमजली घराची पन्हळ शिडीवरून हाताशी येते. दुमजली बंगला किंवा सोसायटीच्या गच्चीवरील शेड यांची गोष्ट निराळी. सिमेंटचे जुने पत्रे माणसाच्या भाराने अचानक फुटतात आणि त्यांवर उभे राहून सफाई करणारा माणूस जिवानिशी जाऊ शकतो. अशा ठिकाणी वर्षातील एक खेप कमी झाली तरी जाळीचे मोल वसूल झाले, असे मानण्यास हरकत नाही. उरलेली खेपही सुरक्षा पट्टा बांधूनच व्हावी. घरात केवळ वृद्ध राहत असतील, तरी हाच विचार लागू पडतो.

हिशेब कसा मांडावा?

पन्हळीची लांबी आणि जाळीचा बसवणुकीसह प्रतिफूट दर यांचा गुणाकार हा एकूण खर्च. बचत काढताना मात्र सर्व सफायांची मजुरी धरणे चूक आहे. वर्षाला तीन सफाया लागत असतील आणि जाळीनंतर एक उरत असेल, तर बचत दोनच सफायांची. शिवाय जाळी काढून पुन्हा बसवावी लागत असेल, तर उरलेली सफाई महागते. खर्चाला या निव्वळ वार्षिक बचतीने भागले की तो किती वर्षांत भरून निघेल हे कळते. ती वर्षे जाळीच्या हमीच्या मुदतीपेक्षा अधिक असतील, तर व्यवहार आतबट्ट्याचा.

पावसाचे पाणी टाकीत साठवणाऱ्या घरी जाळीमुळे पाणी गाळण्याच्या यंत्रणेवरील भार हलका होतो. तरीही छपरावरची धूळ व विष्ठा वाहून आणणारे पहिल्या पावसाचे पाणी बाहेर सोडावेच लागते.

तात्पर्य, सदाहरित झाड, हात न पोहोचणारी उंची आणि योग्य उतार ही तिन्ही असतील, तेथे काढता-घालता येणारी, न गंजणारी जाळी घ्यावी. अन्य घरांना झुकलेल्या फांद्यांची रीतसर परवानगीने छाटणी, पाइपाच्या तोंडावर जाळीची टोपी आणि मेअखेरची सफाई एवढे पुरते. ही टोपी मात्र पावसाळ्यात अधूनमधून तपासावी, कारण ती तुंबली की सारी पन्हळच ओसंडते. जाळी घ्यायचीच असेल, तर आधी सर्वांत त्रासदायक बाजूला दहा फूट बसवून एक पावसाळा निरीक्षण करणे शहाणपणाचे.