डेटा सेंटरसाठी देशाची पारख कशी होते?

नवी मुंबईच्या निमित्ताने भारताच्या जमेच्या बाजू आणि उणिवा

प्रतिनिधी, नवी मुंबई

बँकेतील शिल्लक, रेल्वेचे आरक्षण, रुग्णालयातील तपासणीचा अहवाल किंवा मोबाइलवरून केलेला पैशांचा व्यवहार, या साऱ्या नोंदी शेवटी कुठल्यातरी इमारतीतील अहोरात्र चालणाऱ्या सर्व्हरवर साठवलेल्या असतात. या इमारतीला डेटा सेंटर असे म्हणतात. एकेकाळी रसायने आणि अभियांत्रिकीच्या कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या ठाणे-बेलापूर पट्ट्यात आता ऐरोली, रबाळे, महापे येथे अशा इमारती ओळीने उभ्या आहेत. पनवेलजवळ २०२० मध्ये सुरू झालेल्या 'योट्टा'च्या केंद्राची क्षमता ७,२०० रॅकची आहे. कंपन्या नेमके हेच ठिकाण का निवडतात, आणि देश म्हणून भारत या कसोटीवर कितपत उतरतो, याचा हा आढावा.

पहिली कसोटी विजेची

डेटा सेंटरला लागणारी वीज मेगावॉटमध्ये मोजली जाते. एक मेगावॉटचा भार महिनाभर अखंड चालला, तर ७ लाख २० हजार युनिट वीज खर्च होते. दरमहा २०० युनिट वापरणाऱ्या ३,६०० घरांची ही गरज होय. शिवाय सर्व्हर जेवढी वीज घेतात, त्याखेरीज ते थंड ठेवण्यासाठी वेगळी वीज लागते. एकूण वीज आणि प्रत्यक्ष सर्व्हरना मिळणारी वीज यांच्या गुणोत्तराला 'पीयूई' म्हणतात. हा आकडा १.५ असेल, तर दहा मेगावॉटच्या सर्व्हरसाठी पंधरा मेगावॉट वीज घ्यावी लागते.

नवी मुंबईच्या शेजारीच कळव्याचे ४०० केव्ही क्षमतेचे उपकेंद्र आहे, ही मोठी जमेची बाजू. मात्र १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी कळवा-पडघा परिसरातील पारेषण वाहिन्यांत बिघाड झाला आणि मुंबई, ठाणे व नवी मुंबई अंधारात गेली. लोकलसेवा ठप्प झाली. काही भागांत वीज परत येण्यास अनेक तास लागले. मुंबईत बाहेरून वीज आणणाऱ्या वाहिन्या किती अपुऱ्या आहेत, हे त्या दिवशी स्पष्ट झाले. त्यानंतर २०२३ मध्ये खारघर-विक्रोळी ही ४०० केव्हीची वाहिनी कार्यान्वित झाली.

अशा प्रसंगी डेटा सेंटर बॅटऱ्यांवर आणि डिझेल जनित्रांवर चालते. 'अपटाइम इन्स्टिट्यूट' ही संस्था केंद्रांना एक ते चार अशा श्रेणी देते. तिसऱ्या श्रेणीत दुरुस्तीसाठी केंद्र बंद करावे लागत नाही. चौथ्या श्रेणीत एखादी यंत्रणा अचानक निकामी झाली तरी काम सुरू राहते. वर्षभरात तिसऱ्या श्रेणीचे केंद्र सुमारे दीड तास, तर चौथ्या श्रेणीचे जेमतेम २६ मिनिटे बंद राहू शकते, असे ढोबळमानाने मानले जाते.

समुद्राखालचे रस्ते

भारताचा जगाशी होणारा इंटरनेट संपर्क प्रामुख्याने समुद्राखालील केबलद्वारे चालतो, आणि त्यातील बहुसंख्य केबल मुंबई व चेन्नई येथे किनाऱ्याला लागतात. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. त्यामुळे चार हजार किलोमीटरवरील सिंगापूरला संदेश जाऊन उत्तर परत येण्यास किमान ४० मिलिसेकंद लागतातच. शेअर बाजार आणि बँकांना हा विलंब चालत नाही. वांद्रे-कुर्ला संकुलातील वित्तीय संस्थांना नवी मुंबईचे केंद्र हाकेच्या अंतरावर असते, ते यामुळेच.

मात्र एकाच किनाऱ्यावरील आणि एकाच सागरी मार्गावरील अवलंबित्व धोक्याचे ठरते. जानेवारी २००८ मध्ये इजिप्तजवळ केबल तुटल्याने भारतातील इंटरनेटचा वेग मंदावला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात केबल तुटल्या, तेव्हाही हाच अनुभव आला.

पाणी, पाऊस आणि जमीन

थंड प्रदेशातील देशांना बाहेरची हवा आत घेऊन सर्व्हर थंड ठेवता येतात. कोकणच्या दमट हवेत ती सोय नाही. येथे शीतकरण बाराही महिने करावे लागते. पाण्यावर चालणाऱ्या शीतकरणात वीज कमी लागते, पण पाणी जास्त. हवेवर चालणाऱ्या यंत्रणेत याच्या उलट. नवी मुंबई महापालिकेकडे स्वतःचे मोरबे धरण आहे, तर औद्योगिक पट्ट्याला 'एमआयडीसी'कडून बारवी धरणाचे पाणी मिळते. उन्हाळ्यात पाणीकपात सोसणाऱ्या महामुंबईत हा हिशेब नागरिकांनीही मागायला हवा.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यामुळे इमारतीचे जोते, तळघर आणि जनित्रांची उंची यांना येथे फार महत्त्व आहे. भूकंपाच्या बाबतीत २००२ च्या नकाशात मुंबई परिसर तिसऱ्या, तर दिल्ली चौथ्या, म्हणजे अधिक धोक्याच्या विभागात दाखवली आहे.

कायद्याची चौकट

रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये देयक व्यवहारांची माहिती भारतातच साठवण्याचा आदेश दिला आणि देशातील केंद्रांची मागणी वाढली. २०२२ मध्ये केंद्र सरकारने किमान पाच मेगावॉट क्षमतेच्या डेटा सेंटरना पायाभूत सुविधांचा दर्जा दिला. त्यामुळे दीर्घ मुदतीचे कर्ज मिळणे सुलभ झाले. राज्याच्या २०२३ च्या माहिती तंत्रज्ञान धोरणातही या केंद्रांसाठी सवलती आहेत. मात्र २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने सर्वच माहिती देशात ठेवण्याची सक्ती केलेली नाही. सरकारने मनाई केलेले देश वगळता ती बाहेर नेता येते.

इतर देशांचा धडा

जागेची व विजेची मर्यादा ओळखून सिंगापूरने २०१९ मध्ये नव्या केंद्रांना स्थगिती दिली आणि २०२२ मध्ये कडक अटींवर ती उठवली. आयर्लंडमध्ये २०२३ साली मोजणी झालेल्या विजेपैकी २१ टक्के वीज एकट्या डेटा सेंटरनी वापरली. डब्लिन परिसरात नव्या जोडण्यांवर निर्बंध आणावे लागले. भारतातही स्पर्धा सुरू झाली आहे. 'ॲमेझॉन'ने जानेवारी २०२५ मध्ये महाराष्ट्राशी करार केला, तर 'गुगल'ने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विशाखापट्टणमची निवड जाहीर केली.

देश पारखताना विचारायचे प्रश्न

१. वीज किमान दोन स्वतंत्र मार्गांनी येते का, आणि तिचा दर दहा वर्षे परवडेल का?

२. समुद्राखालील केबल वेगवेगळ्या मार्गांनी जातात का?

३. शीतकरणाचे पाणी कोठून येणार; पुनर्प्रक्रिया केलेले सांडपाणी उपलब्ध आहे का?

४. पूर आणि भूकंपाचा पूर्वेतिहास काय?

५. माहितीविषयक कायदा स्थिर आहे का?

६. कुशल मनुष्यबळ आणि दुरुस्तीची सोय जवळ आहे का?

केबल, बाजारपेठ आणि मनुष्यबळ यांत भारत निश्चितच उजवा ठरतो. वीज, पाणी आणि हवामान यांत मात्र त्याला अजून बरीच तयारी करावी लागेल. देशातील सुमारे सत्तर टक्के वीज कोळशापासून तयार होते, हेही विसरून चालणार नाही.

हे सहाही प्रश्न गुंतवणूकदाराचे आहेत. शहराचा प्रश्न निराळा आहे. जेवढ्या भूखंडावरील कारखान्यात पूर्वी शेकडो कामगार तीन पाळ्यांत काम करीत, तेवढ्याच जागेवरील डेटा सेंटरमध्ये मोजके तंत्रज्ञ आणि सुरक्षारक्षक पुरतात. ज्या भूमिपुत्रांच्या जमिनी 'एमआयडीसी' आणि 'सिडको'साठी गेल्या, त्यांच्या पुढच्या पिढीला या नव्या उद्योगात किती रोजगार मिळणार? नव्या वाहिन्या व उपकेंद्रांचा खर्च कंपन्या उचलणार, की तो घरगुती ग्राहकांच्या बिलात उतरणार? सवलती देतानाच या दोन प्रश्नांची उत्तरे करारात लिहून घेणे, हे राज्याच्या हाती आहे.