साठ ग्रॅमचा हिशोब

लठ्ठपणावरची पोटाची शस्त्रक्रिया झाली, की रुग्णाला एक आकडा पाठ करायला लावतात : दिवसाला निदान 60 ग्रॅम प्रथिने. भात, पोळी, तेल, साखर यांबद्दल इतका आग्रह नसतो. मग प्रथिनांबद्दलच का? हा आग्रह काही एका दिवसात आलेला नाही. त्यामागे बरीच मोठी किंमत मोजलेली आहे.

सुरुवात पॅरिसपासून करू या. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथे हाडे वाफेवर शिजवून जिलेटिन काढत आणि त्याचे सूप रुग्णालयांतून व गरिबांना देत. मांसाइतकेच पौष्टिक आणि अगदी स्वस्त, असा दार्सेसारख्या पुरस्कर्त्यांचा दावा होता. पोट भरत होते, पण पोषण होत होते का? हे तपासण्यासाठी विज्ञान अकादमीने समिती नेमली. मॅजंडी या शरीरक्रियाशास्त्रज्ञाचा अहवाल 1841 मध्ये आला : नुसत्या जिलेटिनवर कुत्री जगत नाहीत. ‘प्रोटीन’ हा शब्द तेव्हा नुकताच, 1838 मध्ये, मुल्डरने छापला होता. त्याचा अर्थ पहिल्या क्रमांकाचे. आपल्या ‘प्रथिन’मध्येही ‘प्रथम’ डोकावतोच. पण सगळी प्रथिने सारखी का नाहीत, हे सांगायला आणखी साठ-सत्तर वर्षे लागली. हॉपकिन्सने 1901 मध्ये ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल वेगळे केले. 1906 मध्ये त्याने आणि विलकॉकने उंदरांना मक्यातले झाइन हे प्रथिन दिले. त्यात ट्रिप्टोफॅन घातल्यावर उंदीर जास्त जगले. हे आम्ल आपले शरीर बनवू शकत नाही, आणि जिलेटिनमध्ये ते नसतेच.

हे सारे पाठ्यपुस्तकात गेले आणि बाजारात मात्र विसरले गेले. 1976 मध्ये अमेरिकेत रॉबर्ट लिन यांचे ‘द लास्ट चान्स डाएट’ हे पुस्तक गाजले. दिवसभर जेवायचे नाही, फक्त ‘द्रवरूप प्रथिन’ प्यायचे. हे प्रथिन म्हणजे जनावरांची कातडी, स्नायुबंध, हाडे यांतले कोलॅजन तोडून केलेला काढा. म्हणजे पॅरिसचे सूपच, नव्या बाटलीत! वजन झरझर उतरे. पण 1977-78 पर्यंत हा आहार घेणाऱ्या सुमारे साठ जणांच्या मृत्यूंची नोंद झाली. त्यांतल्या अनेकांच्या हृदयाचे ठोके अनियमित होऊन ते दगावले होते. सगळा दोष ट्रिप्टोफॅनच्या अभावावर टाकता येणार नाही, पोटॅशियमसारख्या खनिजांची कमतरताही होती. तरी मूळ मुद्दा उरतोच. चरबीचा साठा असतो तसा प्रथिनांचा निराळा साठा शरीरात नसतो. बाहेरून मिळाले नाहीत तर शरीर स्नायू मोडते, आणि हृदय हाही स्नायूच आहे.

शस्त्रक्रियांचा प्रवास याच सुमारास चालू होता. मिनेसोटातील क्रेमेन, लिनर आणि नेल्सन यांनी 1954 मध्ये लहान आतड्याचा बराचसा भाग वगळून दोन टोके जोडण्याचे काम प्रसिद्ध केले. पुढे लठ्ठ रुग्णांत पाच-सहा मीटर आतड्यापैकी जेमतेम अर्धा मीटर वापरात ठेवले जाऊ लागले. वजन कमी झाले, पण काहींची यकृते निकामी होऊ लागली. भरपूर खाणाऱ्या माणसाच्या यकृतात चरबी का साचावी? डॉक्टरांना आठवण झाली ती सिसिली विल्यम्स यांनी 1933 मध्ये आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टमध्ये वर्णन केलेल्या क्वाशिऑरकॉर या बालरोगाची. दोन्हीकडे उष्मांक होते, प्रथिने नव्हती. आपल्या मते या इतिहासातली सर्वांत बोलकी जागा हीच : उपाशी मूल आणि लठ्ठ प्रौढ एकाच कमतरतेने आजारी. वगळलेल्या आतड्यातले जंतू हेही एक कारण होते. ही शस्त्रक्रिया 1980च्या दशकात मागे पडली.

आयोवातील एडवर्ड मेसन यांनी निराळा रस्ता धरला. व्रणासाठी जठराचा मोठा भाग काढलेल्या रुग्णांचे वजन वाढत नाही, हे पाहून त्यांनी 1966 मध्ये जठराचा फक्त वरचा छोटा कप्पा वापरात ठेवला. जेनोआच्या स्कोपिनारो यांच्या 1979 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पद्धतीत पित्त व स्वादुपिंडाचा रस अन्नाला आतड्याच्या शेवटच्या अर्ध्या मीटरमध्येच भेटतो. वजन खूप उतरते, पण काही रुग्णांच्या पायांवर सूज आली, रक्तातले अल्ब्युमिन घटले. काहींची पुन्हा शस्त्रक्रिया करून हा सामाईक भाग लांबवावा लागला.

आता साठ ग्रॅमकडे येऊ. वर्गात हे गणित जरूर करून पाहावे. तुरीच्या शंभर ग्रॅम कोरड्या डाळीत सुमारे 22 ग्रॅम प्रथिने असतात; म्हणजे साठ ग्रॅमसाठी पाव किलोहून जास्त डाळ हवी. शिजून ती तिप्पट फुगणार. आणि जठराचा नवा कप्पा? सुरुवातीला सुमारे 30 मिलिलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे! अंड्यात सहा ग्रॅम, पेलाभर दुधात तितकीच, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. मांस काहींच्या घशाखालीच उतरत नाही. म्हणून प्रथिनाचा पदार्थ आधी खा, भात-पोळी नंतर, आणि पाणी जेवणाबरोबर नको, असा क्रम सांगतात. पहिल्या आठवड्यांत तर द्रवच चालतात. तेव्हा दूध फाटल्यावर उरणाऱ्या पाण्यातल्या प्रथिनांची पूड उपयोगी पडते, कारण त्यांत सर्व आवश्यक अमिनो आम्ले असतात.

शेजारच्याच फळीवर कोलॅजनची पूडही मिळते. डब्यावर प्रथिनांचे ग्रॅम तितकेच छापलेले असतात. पण प्रथिनांची प्रत मोजण्याच्या 1991 मध्ये सुचवलेल्या आंतरराष्ट्रीय पद्धतीने तिला गुण मिळतात शून्य.