आमच्यानंतर कोण?

गणपती ही बुद्धीची देवता. उत्सवाचे दहा दिवस आपल्या मंडपात अथर्वशीर्षाची आवर्तने होतात, पाठांतराच्या, निबंधाच्या, चित्रकलेच्या स्पर्धा होतात, दहावी-बारावीत चमकलेल्या मुलांचा सत्कार होतो. हे सर्व योग्यच आहे. पण याच बुद्धिदात्यासमोर काही आई-वडील आरती संपल्यावर, गर्दी ओसरल्यावर, आपल्या मुलाचा हात धरून हळूच येतात आणि दर्शन घेऊन लगेच निघून जातात. त्या मुलाची बुद्धी वयाबरोबर वाढलेली नसते. सत्काराच्या यादीत त्याचे नाव कधीच येत नाही.

संपादक मंडळाने यंदा मला "इतिहासावर काहीतरी लिहा" असे सांगितले. गडकिल्ल्यांवर आणि थोर पुरुषांवर लिहिणारे जाणकार आपल्यात आहेत. मी रेल्वेतला डिप्लोमाधारक इंजिनिअर, माझा तो अधिकार नाही. म्हणून या मुलांच्या आई-वडिलांनी गेल्या ऐंशी वर्षांत जो इतिहास घडवला, त्याबद्दल लिहावे असे ठरवले. हा इतिहास बराचसा आपल्या महाराष्ट्रात घडलेला आहे आणि तो अजून अपुरा आहे.

प्रथम शब्दांविषयी. आपल्या लहानपणी अशा मुलाला गावात सरळ 'वेडा' म्हणत. नंतर 'मतिमंद' हा शब्द आला. तेव्हा तो सभ्य वाटला, पण पुढे तोही शिवीसारखा वापरला जाऊ लागला. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये 'दिव्यांग' शब्द सुचवला आणि आता सरकारी कागदावर तोच असतो. शब्द बदलले, पण आईचा प्रश्न बदलला नाही.

अंध आणि कर्णबधिर मुलांच्या शाळा आपल्याकडे बऱ्याच लवकर सुरू झाल्या. मुंबईत कर्णबधिरांची शाळा १८८५ च्या सुमारास निघाली. अंधांसाठी १९०० साली अमेरिकन मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड बाईंनी शाळा काढली, तीच पुढे दादरची अंध शाळा म्हणून ओळखली गेली. १९०२ साली ताडदेवला व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा निघाली. अंध मूल ब्रेल वाचू लागले, वेताच्या खुर्च्या विणू लागले की लोकांना शाळेचे फळ दिसत असे. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाचे फळ असे चटकन दिसत नाही. स्वतःच्या हाताने जेवणे, शर्टाची बटणे लावणे, रस्ता ओलांडणे यासाठी वर्षे लागतात. त्यातून कायद्यानेही घोळ घालून ठेवला होता. १९१२ च्या 'इंडियन ल्युनसी अ‍ॅक्ट'मध्ये वेडसर माणूस आणि जन्मतः बुद्धी कमी असलेला माणूस यांना एकाच व्याख्येत बसवले होते. म्हणजे ज्याला शिक्षणाची गरज, त्याच्यासाठी कायद्याजवळ फक्त वेड्यांचे इस्पितळ होते. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने ही मुले मनोरुग्णाच्या व्याख्येतून वगळली. तोवर पंचाहत्तर वर्षे गेली होती.

सरकार जागे होईपर्यंत आई-वडील थांबले नाहीत. मुंबईच्या जय वकील या पारशी बाई आणि त्यांचे पती होरमसजी यांच्या मुलीला, दीनाला, डाऊन सिंड्रोम होता. तिला घेईल अशी शाळा नव्हती. १९४४ साली त्यांनी आपल्या घरातच शाळा सुरू केली. आज शिवडीला असलेली जय वकील संस्था ती हीच. पुण्यात १९६४ साली सिंधुताई जोशी यांनी 'कामायनी' सुरू केली. शाळा आणि पुढे हाताला काम देणारी कार्यशाळा, असे दोन्ही टप्पे पुण्यातल्या मराठी मध्यमवर्गाला तिथे पाहायला मिळाले. १९७२ साली डॉ. मिथू अलूर यांनी मुंबईत कुलाब्याला 'स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया' काढली. त्यांच्या मालिनीला सेरेब्रल पाल्सी होती. तिची बुद्धी उत्तम होती, पण शरीर ऐकत नव्हते, म्हणून तिला शाळा नव्हती. पुढे मालिनीने लंडनमध्ये उच्च शिक्षण घेतले आणि आत्मचरित्रही लिहिले. या इतिहासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळते. संस्थेच्या पायाशी बहुधा एखादी आई किंवा एखादा बाप असतो.

१९९१ मध्ये 'चौकट राजा' हा मराठी चित्रपट आला. दिलीप प्रभावळकरांचा नंदू आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. हा विषय घरोघरच्या गप्पांत आला तो त्या नंदूमुळे. चाळिशीकडे झुकलेला नंदू आणि त्याची म्हातारी होत चाललेली आई पाहून लोकांना प्रथमच जाणवले की ही मुले मोठीही होतात.

आणि खरा प्रश्न तिथेच सुरू होतो. शाळा साधारण अठराव्या वर्षी संपते. आमच्या यार्डातल्या भाषेत सांगायचे तर पुढे 'डेड एण्ड' असतो. इतर मुले कॉलेजला, नोकरीला जातात. हे मूल घरी परत येते आणि शाळेत शिकलेले हळूहळू विसरू लागते. आई पन्नाशीची, वडील निवृत्तीला आलेले, आणि मुलाला रोज दाढी करून द्यावी लागते. आमच्या विभागातले एक ज्येष्ठ सहकारी मला एकदा म्हणाले होते, "लोक देवाजवळ दीर्घायुष्य मागतात. आम्ही दोघे मागतो की पोरानंतर एक दिवस तरी आम्हाला ठेव." आई-बापाने असे मागणे मागावे, यापरते दुःख कोणते?

या एका प्रश्नातून महाराष्ट्रात चळवळीचा दुसरा टप्पा उभा राहिला. १९९० मध्ये गोरे सरांच्या प्रेरणेने पालक एकत्र आले आणि 'आधार' ही संस्था निघाली. बदलापूरला मोठ्या वयाच्या मुलांसाठी कायमचे निवासस्थान झाले आणि पुढे नाशिकलाही केंद्र झाले. डोंबिवलीजवळ खोणी येथे अमेय पालक संघटनेने 'घरकुल' उभे केले. पुण्याजवळ मारुंजीला डॉ. नीलिमा देसाई यांनी २००३ मध्ये 'नवक्षितिज' सुरू केले. यांची दिशा सारखीच आहे. हे वसतिगृह किंवा इस्पितळ नाही, हे घर आहे. मूल तिथे आयुष्यभर राहणार, जमेल ते काम करणार. आणि आई-वडील हयात असतानाच त्याला तिथे रुळवायचे, म्हणजे त्यांच्या जाण्यानंतर त्याच्यावर एकाच दिवशी दोन आघात होणार नाहीत.

ज्यांना आई-वडीलच नाहीत, त्यांचे काय? याचे उत्तर विदर्भात आहे. अमरावती जिल्ह्यात परतवाड्याजवळ वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी रस्त्यावर, स्थानकांवर टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांना सांभाळले आणि त्यांना वडील म्हणून स्वतःचे नाव दिले. बालगृहातील मूल अठरा वर्षांचे झाले की त्याला बाहेर काढावे लागते, या नियमाविरुद्ध ते वर्षानुवर्षे भांडत आले आहेत. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी त्यांची एक अंध मुलगी महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या लिपिक पदाच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली. तान्ही असताना ती जळगाव रेल्वे स्थानकावर कचऱ्याच्या डब्यात सापडली होती. आपण रेल्वेची माणसे आहोत. ही बातमी वाचून मला एकाच वेळी लाजही वाटली आणि अभिमानही वाटला.

पालकांच्या या रेट्यातून कायदे झाले. १९९५ मध्ये अपंग व्यक्तींचा कायदा झाला आणि त्याच वर्षी देशभरातल्या पालक संघटनांचा 'परिवार' हा महासंघ स्थापन झाला. १९९५ च्या कायद्याने नोकऱ्यांत ३ टक्के जागा राखल्या, पण त्यात बौद्धिक अक्षमतेला वाटा नव्हता. १९९९ मध्ये नॅशनल ट्रस्टचा कायदा आला. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चौघांसाठीच तो आहे. अठरा वर्षे पूर्ण होताच कायद्याच्या दृष्टीने मूल सज्ञान होते आणि आई-वडिलांचे नैसर्गिक पालकत्व संपते. बँकेचे खाते असो वा वारसाहक्काचे कागद, सगळे अडते. या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार २१ केले, आरक्षण ४ टक्के केले आणि त्यात प्रथमच बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता यांचा समावेश केला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती होऊन तीव्र अपंगत्व असलेल्या मुलाला घरी शिक्षण घेण्याचाही हक्क मिळाला.

आता आपल्या भिलाईकडे वळू. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्या सुमारास नागपूर, भंडारा, वर्धा, अमरावतीकडून आपले वडील-आजोबा इथे आले, कोणी कारखान्यात, कोणी रेल्वेत. क्वार्टर मिळाले, मुलांना शाळा मिळाल्या, सेक्टर ९ चे इस्पितळ मिळाले. मागे राहिले ते एकत्र कुटुंब. गावाकडच्या वाड्यात असे मूल असले तर काकू, आत्या, आजी यांच्यात ते वाटले जाई. वाड्याचे गोडवे मी गाणार नाही, तिथे अशा मुलाला पाहुण्यांपासून लपवतही असत. पण आई आजारी पडली तरी त्याला दोन घास भरवणारे कोणीतरी असे. दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये ती दुसरी व्यक्ती नाही. म्हणून विशेष शाळेची गरज भिलाईसारख्या गावाला इतरांपेक्षा जास्त होती. 'मुस्कान', 'स्नेह संपदा' आणि 'प्रयास' या इथल्या संस्था आपल्याला परिचित आहेत. 'सेल'च्या वार्षिक अहवालांत साहाय्य मिळणाऱ्या संस्था म्हणून त्यांची नावे येतात. शेजारी राजनांदगावला केंद्र सरकारचे पुनर्वसन केंद्रही आहे.

परंतु क्वार्टरच्या गावाची एक खास अडचण आहे. निवृत्तीबरोबर क्वार्टर सोडावे लागते. आपल्यासाठी तो सामान हलवण्याचा प्रश्न असतो. त्या मुलासाठी ते अख्खे जग असते. कोपऱ्यावरचा दुकानदार त्याला ओळखतो, भाजीवाली नावाने हाक मारते, वाट चुकले तर कोणीतरी घरी आणून सोडते. तीस वर्षांत मिळवलेली ही सुरक्षितता एका दिवसात जाते. नागपूरला किंवा पुण्याला फ्लॅट घेतला तरी ती विकत मिळत नाही. म्हणून निवृत्तीनंतर कुठे राहायचे हे अशा घराने पंचावन्नाव्या वर्षीच ठरवावे आणि मुलाला त्या जागेची सवय आधीपासून लावावी.

काही तरतुदी आपल्याच लोकांना माहीत नसतात, म्हणून इथे नोंदवतो. रेल्वे व केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या, स्वतः कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला आजीवन कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याची उत्पन्नाची अट बरीच सैल झाली. त्याचे नाव पालकांच्या हयातीतच पेन्शनच्या कागदात घालून घेता येते. हे जरूर करावे, कारण नंतर कागद जमवणारे कोणी उरत नाही. कारखान्यातील बांधवांसाठी, १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेत कायम व पूर्णतः अपंग अपत्याला वयाची अट न ठेवता पेन्शनची तरतूद आहे. जून २०१४ च्या केंद्रीय आदेशानुसार दिव्यांग मुलाची देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्याला नियमित बदल्यांतून सूट मागता येते. नॅशनल ट्रस्टच्या 'निरामय' विम्यातून १ लाख रुपयांपर्यंत उपचारखर्च मिळतो. रेल्वेप्रवासात सोबत्यासह सवलत आहे, स्लीपरला ती ७५ टक्के आहे.

हा इतिहास पाहिल्यावर एक गोष्ट ध्यानात येते. यातले मोठे काम 'आता आपणच एकत्र येऊ' असे म्हणणाऱ्या थोड्या घरांनी सुरू केले. भिलाईत शाळा आहेत. पण आई-वडिलांनंतरचे घर, बदलापूर किंवा खोणीसारखे, आपल्या समाजाने अजून उभे केलेले नाही. ते एका मंडळाच्या आवाक्यातले काम नाही, हे मला समजते. तरी सुरुवात आपल्या हातात आहे. वर्गणीला घरोघर जाताना अशा घरांची, त्यांची संमती घेऊन, नोंद करता येईल. आपल्यातल्या निवृत्त मंडळींना पेन्शनचे व पालकत्वाचे कागद भरून देण्याचे काम सहज जमेल. महिला मंडळाने आठवड्यातून एक दुपार जरी एखाद्या आईला मोकळी करून दिली, तरी तिला बँकेत किंवा दवाखान्यात जाता येईल. आणि उत्सवात ही मुले गर्दी ओसरल्यावर येण्याऐवजी आरतीच्या वेळी येऊ देत. झांजा वाजवायला त्यांना फार आवडते, ताल थोडा चुकला तर चुकू दे.

बुद्धीच्या देवतेने आपल्याला बुद्धी दिली आहे. ज्यांना ती कमी मिळाली त्यांच्यासाठी तिचा थोडा वापर व्हावा, हीच श्रीचरणी प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!